न दुखणारा पाय

वाचकहो, ज्या देहाला वयाने, आजाराने अथवा जन्मजात व्यंगाने मर्यादा घातली आहे, त्या देहाने परोपकाराच्या हेतूने का होईना, लांब पल्ल्याचे कष्ट अंगावर घ्यावेत काय? घेतले, तर त्यास धैर्य म्हणावे की हट्ट? आणि वाटेत थांबावे लागले, तर तो पराभव समजावा काय? हे प्रश्न वरकरणी व्यायामाचे अथवा वैद्यकाचे वाटतील. परंतु थोडे खोल गेले की ते नीतीच्या प्रांतात शिरतात, कारण त्यांत आपले शरीर, आपला शेजारी आणि आपला अहंकार या तिघांचाही संबंध येतो. गेल्या जानेवारीपर्यंत या प्रश्नांची उत्तरे आपल्याला ठाऊक आहेत, असा माझा समज होता. तो समज कसा ढळला, हे सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मी भिलाईच्या सेक्टर २ मध्ये राहतो. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार या भूमीवर पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे पोटामागे आली. विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांपैकीच आमचे एक. त्या काळी कारखान्याची पाळी सुटली की रस्त्यांवर सायकलींचा लोंढा लोटत असे. माझी उमेदीची वर्षे त्या लोंढ्यातच गेली. पुढे स्कूटर आली आणि सायकल मागल्या अंगणात भिंतीला टेकून गंजत राहिली. तिच्याकडे पुन्हा लक्ष जाण्यास निमित्त झाले ते आजाराचे.

निवृत्तीच्या सुमारास मला मधुमेह जडला. पाठोपाठ उजवा गुडघा झिजला. काही वर्षांनी तळपायांची संवेदना हळूहळू मंद होत गेली. चप्पल पायातून निसटली तरी मला ते कळेनासे झाले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, पण चालू लागलो की गुडघा आक्रोश करी. तेव्हा त्यांनीच सायकल सुचवली. त्यामागील शास्त्र सोपे आहे. चालताना शरीराचा भार पावलोपावली गुडघ्यावर पडतो. सायकलीवर तो बराचसा बैठकीवर पडतो आणि गुडघा भाराविना वाकतो, सरळ होतो. शिवाय काम करणारा स्नायू रक्तातील साखर थेट ओढून घेतो, त्यामुळे मधुमेह्यास दुहेरी लाभ होतो. मात्र औषध घेणाऱ्याची साखर वाटेत एकाएकी उतरण्याचाही धोका असतो, म्हणून खिशात गूळ अथवा साखर ठेवावी, बैठक अशा उंचीवर बांधावी की पायंडल खाली गेले असता गुडघा किंचितच वाकलेला राहील, आणि अंतर टप्प्याटप्प्याने वाढवावे, असे त्यांनी बजावले. तळपायांविषयीही एक सूचना दिली होती. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

प्रारंभी मी सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर तीन किलोमीटर फिरून परतत असे. मग मरोदा जलाशयापर्यंत गेलो, नंतर दुर्गला शिवनाथ नदीच्या पुलापर्यंत. वर्षभरात साखर आटोक्यात आली, गुडघ्याचे कुरकुरणे कमी झाले, आणि खरे सांगावयाचे तर छाती थोडी फुगली.

अशा वेळी आमच्या वसाहतीतील काही तरुण-तरुणी वर्गणीसाठी घरी आली. कुष्ठरोगातून बरे झालेल्या, परंतु ज्यांचे तळपाय कायमचे बधिर झाले आहेत अशा जवळच्या एका वस्तीतील लोकांना त्यांना विशेष प्रकारच्या चपला द्यावयाच्या होत्या. एमसीआर चपला म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांच्या आतला रबराचा थर स्पंजासारखा मऊ असून पावलाचा दाब सर्वत्र सारखा पसरवतो, बाहेरचा तळ कठीण असतो, आणि जोडणीत खिळा वापरीत नाहीत; कारण वर आलेला खिळा बधिर पायाला कळत नाही. या कामासाठी मुले सायकलीने भिलाईहून वरोऱ्याच्या आनंदवनापर्यंत जाणार होती. नागपूरमार्गे हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते. देणगीदारांनी प्रत्येक किलोमीटरमागे रुपया, दोन रुपये, यथाशक्ती द्यावेत अशी योजना होती. मी वर्गणीचा आकडा घातला आणि म्हणालो, "मीही येतो."

माझी पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "अहो, वरोऱ्याला आगगाडी जाते."

वाचकहो, तिच्या या एका वाक्यात सारा युक्तिवाद सामावलेला आहे. आगगाडी जात असता सायकल कशासाठी? पैसे मनिऑर्डरीने अथवा हल्लीच्या पद्धतीने घरबसल्या पाठवता येत असता तीनशे किलोमीटर घाम कशासाठी? हा आक्षेप मी थट्टेवारी नेला नाही, आपणही नेऊ नये. दान गुप्तपणे करावे, उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, ही प्रभू येशूची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग कपड्यांवर कापडी पट्टी लावून, गावोगावी थांबून, टाळ्या घेत केलेले दान त्या शिकवणीत बसते काय?

माझे उत्तर असे होते आणि आजही बहुतांशी तसेच आहे. पैसा पाठवणे पुरेसे असते, तेथे तो मुकाट्याने पाठवावा. परंतु काही दुःखे अशी आहेत की त्यांना पैशाइतकीच माणसाच्या जवळ येण्याची उणीव असते. कुष्ठरोग हे त्यांपैकी एक. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. २००५ च्या अखेरीस देशाच्या पातळीवर त्याचे दुरीकरण झाल्याचेही घोषित झाले. तरीही आमच्या छत्तीसगडात नवे रुग्ण आजही आढळतात, आणि रोग गेल्यावरही उरणारी भीती तर औषधाने जात नाही. रस्त्याने, उघडपणे, अनेकांना विचारीत आणि सांगीत जाणाऱ्या माणसांनी ती थोडी जरी कमी केली तरी तो प्रवास वाया गेला असे म्हणता येणार नाही.

आनंदवनच का, असे मी मुलांना विचारले होते. त्यांचे उत्तर ठरलेले होते: बाबा आमट्यांची सायकल यात्रा. आपल्यापैकी पुष्कळांना ती आठवत असेल. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून 'भारत जोडो' अभियान निघाले. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होत्या आणि त्यांनी काश्मीरपर्यंत पाच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले. १९८८-८९ मध्ये अरुणाचलातील इटानगरपासून गुजरातेतील ओखापर्यंत दुसरी यात्रा झाली. ती सात हजार किलोमीटरांच्याही पुढे गेली. पहिल्या यात्रेच्या वेळी बाबा एकाहत्तर वर्षांचे होते. पाठीच्या मणक्यांच्या विकाराने त्यांना बसणेच अशक्य झाले होते. एक तर उभे राहावयाचे, नाही तर आडवे व्हावयाचे. सायकलीची बैठक त्यांच्या नशिबी नव्हती. मुले पायंडल मारीत आणि बाबा वाहनात अंथरुणावर पडून त्यांच्यासोबत देश ओलांडीत.

निघण्यापूर्वी या चित्राचा मी जो अर्थ लावला, तो असा: पाहा, मणके निकामी झाले तरी माणूस थांबला नाही; इच्छाशक्तीपुढे देह नमतो. या अर्थाने मला स्फुरण चढले. त्यात माझी चूक कोठे होती, हे मला पुढे नागपुरात कळले.

दुसरा एक आक्षेप आमच्या मंडळीतील एका ज्येष्ठ बंधूंनी घेतला होता. सैतानाने प्रभूला मंदिराच्या कंगोऱ्यावर उभे करून खाली उडी टाकण्यास सांगितले, देवदूत झेलतील असे आमिष दाखवले; प्रभूने ते नाकारले, कारण ती श्रद्धा नव्हे, देवाची परीक्षा पाहणे होते. मधुमेही, झिजल्या गुडघ्याचा माणूस महामार्गावर सायकल घेऊन निघतो, ही अशीच उडी नव्हे काय, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना माझे वर्षभराचे सरावाचे टिपण दाखवले, डॉक्टरांची अनुमती दाखवली, सोबत जीप असणार हे सांगितले. उडी टाकणारा आणि जिना उतरणारा, दोघेही खालीच येतात. पण एकाने पायऱ्या मोजलेल्या असतात. ते गृहस्थ समाधान पावले. आज मला वाटते की त्यांनी मला आणखी एक प्रश्न विचारावयास हवा होता: "वाटेत धोक्याची सूचना मिळाली, तर ती तुम्ही ऐकाल काय?"

जानेवारीतील एका थंड पहाटे आम्ही निघालो. माझ्या वयाचा मी एकटाच. जुन्या काळी राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणून परिचित असलेल्या, आता ५३ क्रमांकाच्या त्या रस्त्याने राजनांदगाव मागे पडले, राज्याची हद्द ओलांडून देवरी आले, पुढे नागझिरा आणि नवेगावच्या रानांना जोडणारा वनपट्टा, मग साकोली. थांबलो तेथे लोक चहा देत, चौकशी करीत. तरुणांना ते शाबासकी देत, आणि मला? माझ्याकडे पाहून त्यांचे डोळे विस्फारत. "या वयात? मधुमेह असताना?" एका गावी तर मला हार घातला गेला. ज्या व्यंगांबद्दल आजवर संकोच वाटत होता, ती एकाएकी मिरवण्याजोगी झाली. वाचकहो, आपणांपैकी जे कोणी देहाची उणीव सोसून एखादे सत्कार्य करीत असतील, त्यांना या मोहाची ओळख असेल. प्रथम आपण उणीव असूनही काम करतो. मग उणिवेमुळे होणाऱ्या कौतुकासाठी काम करू लागतो. आणि यातली सीमारेषा आपण केव्हा ओलांडली, हे आपल्याला समजतही नाही.

माझ्या डॉक्टरांनी तळपायांविषयी दिलेली सूचना अशी होती: रोज रात्री मोजे काढावेत, पावले उजेडात धरावीत, बोटांच्या बेचक्या आणि तळवा नीट न्याहाळावा, कारण त्या पायाला काही झाले तर तो तुम्हांला सांगणार नाही. घरी हा नियम मी पाळीत असे. प्रवासात पहिल्या रात्री पाळला. दुसऱ्या रात्री आम्ही सारे एका दालनात उतरलो होतो. ज्या मुलांनी दिवसभर मला 'काका, तुम्ही तर आमच्याहून तरुण' म्हटले, त्यांच्यासमोर दिव्याखाली बसून म्हाताऱ्यासारखे पाय तपासावेत, हे मनाला बरे वाटेना. 'उद्या पाहू,' असे म्हणून मोजे पायांतच ठेवून मी पांघरूण ओढले. तिसऱ्या रात्रीही तेच. दुखत तर काहीच नव्हते.

वैनगंगेच्या काठचे भंडारा ओलांडून आम्ही नागपुरात पोहोचलो. बूट काढले तेव्हा चमूतील एका मुलीने विचारले, "काका, मोजा लाल कशाने झाला?" बुटाच्या झिजलेल्या तळातून पायंडलाची धातूची कड उजव्या पायाच्या अंगठ्यामागे सतत दाबत आली होती. तेथे फोड येऊन फुटला होता आणि खाली रुपयाएवढी जखम झाली होती. मला त्याचा पत्ता नव्हता. डॉक्टरांनी जखम धुऊन बांधली आणि या पायावर भार टाकावयाचा नाही, असे निक्षून सांगितले. उरलेले सुमारे शंभर किलोमीटर मला जीपमध्ये, पाय उशीवर उंच ठेवून, आडवे पडून जावे लागणार होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या बधिर पायांसाठी मी पैसे गोळा करीत निघालो होतो, तसाच बधिर पाय माझा होता. ज्या चपलेचे गुण मी वाटेत दहा गावांत वर्णन केले, तिचे तत्त्व मी स्वतःच्या बुटाला लावले नव्हते. 'ते बिचारे' आणि 'आपण साहाय्यकर्ते' अशी एक भिंत माझ्या मनात इतकी पक्की उभी होती की स्वतःचा पाय भिंतीच्या पलीकडे आहे, हे मला दिसलेच नाही.

येथे मला डॉ. पॉल ब्रँड यांचे स्मरण झाले. १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत एका मिशनरी कुटुंबात जन्मलेले हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच झडतात, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की मांस आपोआप सडत नाही. मज्जातंतू निकामी झाल्यामुळे वेदना नाहीशी होते, आणि वेदना नसल्यामुळे माणूस भाजतो, कापतो, ठेचकाळतो, तरी हात मागे घेत नाही. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडीत असत आणि रुग्णाला जाग येत नसे. पुढे अमेरिकेत कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात काम करताना हेच ज्ञान त्यांनी मधुमेह्यांच्या बधिर पायांना लावले. वेदना ही देवाने दिलेली देणगी आहे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. ज्याला वेदना उरली नाही, त्याने तिचे काम डोळ्यांनी करावे, आणि आपले डोळे पुरत नसतील तर दुसऱ्याच्या डोळ्यांनी.

वाचकहो, आपण विचारलेल्या प्रश्नाचा एक धागा येथे हाती लागतो असे मला वाटते. देहाची मर्यादा ही भिंत असते, तिच्यावरून उडी मारावयाची असते, अशी आपली समजूत करून देण्यात आली आहे. परंतु मर्यादा पुष्कळदा एक आवाज असते. तिच्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे धैर्य नव्हे, ती नवी बधिरता होय. माझ्या पायातली बधिरता आजाराने आली होती. तिसऱ्या रात्रीची बधिरता मी स्वतःच्या हाताने आणली. पहिलीसाठी मला कोणी दोष देणार नाही. दुसरीचा जाब मला द्यावाच लागेल.

आणि मर्यादेचा आवाज ऐकणे म्हणजे घरी बसणे नव्हे. पौलाच्या देहात एक काटा होता. तो काढावा म्हणून त्याने तीन वेळा विनवणी केली. काटा राहिला, आणि पौलाचा प्रवासही थांबला नाही. मात्र काटा नाहीच, असे त्याने कधी भासवले नाही. मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात त्याने तो सांगून टाकला.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये आडवा पडून, मागे पळणारी शेते पाहत असता, बाबांच्या त्या वाहनाचा मी वेगळा विचार करू लागलो. इच्छाशक्तीने देहाला नमवले, हा माझा जुना अर्थ खरा असता तर बाबांनी कसेही करून सायकलीवर बसण्याचा अट्टाहास केला असता. त्यांनी तसे केले नाही. आपल्याला बसता येत नाही, हे त्यांनी मान्य केले. चालवणे तरुणांवर सोपवले आणि स्वतः वाहून नेले जाण्यास तयार झाले. ज्या माणसाने चौदा रुपये, सहा कुष्ठरोगी आणि एक लंगडी गाय यांच्यासह आनंदवन उभे करावयास प्रारंभ केला, त्याला दुसऱ्यांना वाहून नेण्याची सवय होती. स्वतः वाहून घेणे हे त्याहून कठीण असते. तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला गटाराकाठी मरणपंथाला लागलेला पाहून बाबा प्रथम भीतीने पळाले होते आणि मग परतले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ती त्यांनी लपवली नाही. स्वतःची भीती कबूल करणे आणि स्वतःची पाठ कबूल करणे, ही दोन्ही एकाच मनाची कृत्ये आहेत.

धडधाकट माणसे एकटी प्रवास करतात, हाही एक भ्रमच. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आरपार जाणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची सायकल शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत एकेरी गटात पूर्ण केली. दोनच वर्षांपूर्वी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी तीच शर्यत जोडीने पूर्ण केली होती. 'एकेरी' हा शब्द तेथे चालवणाऱ्यापुरता आहे. त्याच्या मागे सहायकांचे वाहन असते, कोणी अन्न देतो, कोणी वाट सांगतो, कोणी झोपेची वेळ मोजतो. सर्वांत समर्थ पायांनाही कोणीतरी वाहतच असते. दुर्बळ देहाच्या बाबतीत ते दिसून येते, एवढाच फरक.

मार्काच्या शुभवर्तमानात कफर्णहूमच्या पक्षघाती माणसाची कथा आहे. चौघे त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे वाट मिळत नाही तेव्हा छप्पर उघडून बाज खाली सोडतात. त्या चौघांविषयी आपण प्रवचने ऐकतो. बाजेवरील माणसाने काय केले, याचा विचार मी पूर्वी केला नव्हता. त्याने स्वतःला उचलू दिले. परक्या घराच्या छपरातून, सर्वांच्या डोळ्यांदेखत, दोरांवर लोंबकळत खाली येण्याची लाज त्याने सोसली. तो 'नको, राहू द्या' म्हणाला असता तर त्या चौघांचा विश्वासही दाराबाहेरच राहिला असता.

आनंदवनात मी सर्वांत शेवटी, काठीच्या आधाराने उतरलो. बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी निवर्तले. तेथील भूमीतच त्यांचा देह विसावला आहे. मुले तेथे नतमस्तक झाली. मी जीपच्या पायरीवर बसून दुरून हात जोडले.

परतल्यावर हिशेबाचा प्रश्न उभा राहिला. लोकांनी किलोमीटरमागे वचन दिले होते आणि माझ्या नावे सुमारे शंभर किलोमीटर कमी भरत होते. मुलांपैकी एक म्हणाला, "काका, कोण विचारणार आहे?" पण मोजा न काढल्याचे फळ मी नुकतेच भोगले होते, आणखी एक गोष्ट झाकून ठेवण्याची इच्छा उरली नव्हती. मी घरोघर गेलो आणि नागपूरपासून जीपने गेल्याचे, व त्याचे कारणही, सांगितले. बहुतेकांनी पूर्ण रक्कम दिली. एका शेजाऱ्यांनी मात्र कागदावर हिशेब केला आणि जितके किलोमीटर मी चालवले तितक्यांचेच पैसे मोजून हातावर ठेवले. मला क्षणभर ते खटकले. नंतर वाटले, त्यांनी माझ्या शब्दाला किंमत दिली. शब्द जितका खरा ठरला तितकेच मोल दिले. उरलेली रक्कम मी माझ्या निवृत्तिवेतनातून भरली.

अपुऱ्या प्रवासाला अर्थ असतो काय, याचे उत्तर शोधताना मला कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणाचा आधार वाटतो. कर्करोगाने उजवा पाय गमावलेला हा मुलगा १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाने देश धावून पार करावयास निघाला. प्रत्येक देशबांधवाने कर्करोगाच्या संशोधनासाठी एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची मागणी होती. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर रोग फुप्फुसांत पोहोचला आणि १ सप्टेंबरला त्याला थांबावे लागले. पुढच्या जून महिन्यात तो वारला. देशाचा दुसरा किनारा त्याने धावत गाठला नाही. परंतु मृत्यूपूर्वीच देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख डॉलर जमले होते. जेथे तो थांबला, तेथून इतरांनी पुढे जावयास प्रारंभ केला. त्याच्या तुलनेत माझी जखम आणि माझे शंभर किलोमीटर म्हणजे काहीच नव्हे, हे मी जाणतो. तरी थांबणे आणि व्यर्थ जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्याच्याकडून शिकता येते.

चपला वाटण्याच्या दिवशी माझ्या पायाला अजून पट्टी होती. वस्तीतील एका वयोवृद्ध बाईंपुढे मी चपला ठेवल्या. त्यांच्या हातांची बोटे अर्ध्यावर संपलेली होती. त्यांचे लक्ष चपलांकडे नव्हते, माझ्या पट्टीकडे होते. त्यांनी कारण विचारले, मी सांगितले. दुखले नाही काय, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. त्या हसल्या. मग आपल्या खोलीतून एक छोटा, कडा उडालेला आरसा आणून त्यांनी तो जमिनीवर ठेवला, आपले पाऊल त्यावर धरले आणि तळवा कसा पाहावा, टाच कशी पाहावी, हे मला छत्तीसगडी बोलीत समजावून दिले. शेवटी मला दटावले: रोज पाहावयाचे, एक दिवसही चुकवावयाचे नाही. वीस वर्षे हा नियम पाळल्यामुळेच त्यांची पावले शाबूत होती. मी देणारा म्हणून गेलो होतो. त्या सकाळी ज्याला सर्वांत जास्त मिळाले, तो मीच होतो.

वाचकहो, तर मग आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर काय? दुर्बळ देहाने लांबच्या वाटेला निघावे काय? होय, निघावे. डॉक्टरांना विचारून, पायऱ्या मोजून, खिशात गूळ ठेवून अवश्य निघावे. व्यायामाने देह सुधारतो आणि वाटेने मन. परंतु निघताना स्वतःशी एक करार करावा: माझा देह बोलला तर मी ऐकेन, तो मुका असेल तर त्याच्यावर दिवा धरीन, आणि उचलून घेण्याची वेळ आली तर लाजणार नाही. ज्याला हे जमत नाही, त्याने सारा देश पायंडल मारीत ओलांडला तरी तो ज्यांच्यासाठी निघाला त्यांच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.

जखम भरून यावयास दोन महिने लागले. आता मी पुन्हा सायकल चालवतो. बुटाचा तळ जाड, रुंद आहे, आणि पायंडलावर रबर बसवले आहे. सकाळी शिवनाथच्या पुलापर्यंत जाऊन परत येतो. रात्री जेवणे आटोपली की पत्नी दिवा जवळ आणते, मी आरसा जमिनीवर ठेवतो, आणि जेथे माझी नजर पोहोचत नाही तेथे ती पाहते. आपणही आज रात्री, देहात असो वा मनात, जेथे काहीच दुखत नाही तेथे एकदा दिवा धरून पाहावा, ही नम्र विनंती.